सासुरवाडीचे उपकार

चित्रपटाची शिफारस करणे आणि स्थळ सुचवणे, ही दोन्ही कामे शहाण्या माणसाने अंगावर घेऊ नयेत. जमले तर "आमच्या मुलीचं नशीब", आणि फसले तर मध्यस्थाची मानगूट. हे ठाऊक असूनही गेल्या हिवाळ्यात आमच्या तळघरात भरणाऱ्या चित्रकट्ट्यासाठी 'मिकी ब्लू आईज' सुचवला तो मीच. बाहेर घोटाभर बर्फ, आत साबुदाण्याची खिचडी, पंधरा-सोळा मंडळी, आणि आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या मामी. चित्रपट संपला, दिवे लागले आणि जी शांतता पसरली, तिचा अर्थ कळायला डॉक्टरेट लागत नाही. "मधे मधे बरा होता," असे चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितले. एका मित्राने खिचडीची तारीफ केली.

तेव्हा हा लेख म्हणजे अर्धी दिलगिरी आहे. उरलेला अर्धा भाग माझ्या स्वतःच्या कुतूहलाचा. साफ वाईट चित्रपट पाहून माणूस विसरून जातो. हा मात्र मला आठवडाभर छळत राहिला, कारण यात चांगल्या चित्रपटाचे सगळे सामान होते. चालायला हवा असा प्रोग्रॅम चालत नाही तेव्हा तो कुठे अडकतो हे शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. सवय वाईट आहे, पण पोट तिच्यावर चालते.

'मिकी ब्लू आईज' १९९९ च्या ऑगस्टमध्ये पडद्यावर आला. दिग्दर्शक केली मेकिन. नायक ह्यू ग्रँट, ज्याचा 'नॉटिंग हिल' त्याच वर्षी येऊन गाजलेला. निर्मात्यांत एलिझाबेथ हर्ली. कथा अशी: मायकेल फेलगेट हा सभ्य, अडखळत बोलणारा इंग्रज न्यूयॉर्कमध्ये चित्रांचा आणि जुन्या मौल्यवान वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका प्रतिष्ठित पेढीत काम करतो. त्याचे जीना व्हिताले नावाच्या शाळामास्तरणीवर प्रेम आहे. एका चिनी हॉटेलात तो तिला मागणी घालतो. भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटात त्याने प्रश्न दडवून ठेवला आहे, आणि ती ते बिस्कीट खायलाच तयार नाही! पुढे प्रश्न कळतो, तेव्हा ती रडत रडत नाही म्हणते. कारण काय, तर तिचे वडील फ्रँक (जेम्स कान) वरकरणी हॉटेलमालक असले तरी माफियाशी बांधलेले आहेत, आणि 'अंकल' व्हीटो (बर्ट यंग) हा त्या टोळीचा म्होरक्या. जो जावई म्हणून या घरात येईल तो हळूहळू त्यांचा होईल, हे तिला पक्के माहीत आहे. मायकेल शपथेवर सांगतो की मी अडकणार नाही. अर्थातच तो अडकतो.

कसा अडकतो? सासुरवाडीकडून एक उपकार होतो. त्याची परतफेड मागितली जाते. व्हीटोच्या मुलाला, जॉनीला, चित्रे काढायचा नाद आहे. चित्रे भयानक आहेत. एकात तर साक्षात येशू ख्रिस्ताच्या हाती मशीनगन आहे. हे चित्र मायकेलने लिलावात विकायचे, म्हणजे काळ्याचे पांढरे होईल. मग एफबीआय मागे लागते, मग हातून अपघाताने जॉनीचाच जीव जातो, मग जावई-सासरे मिळून प्रेत पुरायला निघतात, आणि वाटेत टोळीतली माणसे भेटल्यावर सासरा जावयाची ओळख करून देतो ती 'कॅन्सस सिटीचा मिकी ब्लू आईज' अशी. शेवटी लग्न, लग्नात गोळीबार, आणि गोळीबारात लबाडी.

कागदावर हे काय वाईट आहे? मला विचाराल तर पहिली पंधरा-वीस मिनिटे पडद्यावरही वाईट नाहीत. 'नाही' म्हणणारी मुलगी ही या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई. प्रेमकथेत अडथळा लागतो, आणि बहुतेक वेळा तो बाहेरून आणावा लागतो: बापाचा हेका, गैरसमज, चुकलेली आगगाडी. इथे अडथळा प्रेमातूनच निघाला आहे. तिला तो हवा आहे, म्हणूनच ती त्याला नाकारते. एवढा जातिवंत पेच विनोदी प्रेमकथेला क्वचित मिळतो.

आणि मग चित्रपट या मुलीला विसरून जातो. हेच माझे मुख्य भांडण आहे.

मायकेल पहिल्यांदा चित्र विकतो तेव्हा तो हे जीनापासून लपवतो. इथपर्यंत ठीक, लपवालपवी हा विनोदाचा जुना आणि खात्रीचा धंदा आहे. पण ज्या बाईने सबंध आयुष्य या घरात काढले, बापाच्या चेहऱ्यावरून काल रात्री काय घडले ते ओळखण्याची जिला सवय असणार, तिला आपण पुढे पाहतो ती केवळ रुसताना, ओरडताना, आणि सोयीच्या वेळी खोलीबाहेर जाताना. जीन ट्रिपलहॉर्न ही नटी चांगली आहे, तिला करायला काही ठेवलेले नाही. चित्रपट सासरा-जावयाच्या जोडीवर असा भाळतो की लग्न कोणाचे आहे तेच कळेनासे होते. ह्यू ग्रँट आणि जेम्स कान यांचे खरेच जमले आहे. पण ज्या मुलीसाठी ही सगळी यातायात, तिला काय वाटते हा प्रश्न बाजूला पडला की यातायातीला कारणच उरत नाही.

माझा प्रबंध कंपनांवर होता, म्हणून एक घरचे उदाहरण देतो. स्प्रिंग सुटली की खेळणे उडते आणि मुले हसतात. पण त्याआधी कोणीतरी ती दाबलेली असावी लागते. जेवढी दाबाल तेवढीच उडेल, अधिक नाही. गुन्हेगारीवरच्या विनोदात दाबण्याचे काम भीती करते. 'मिकी ब्लू आईज'मध्ये भीती नाही. व्हीटो धमकावतो तेव्हाही आपल्याला ठाऊक असते की हा लाडका, गुबगुबीत म्हातारा आहे. माणसे मरतात तीही पडद्याला डाग पडू नये अशा बेताने.

जेम्स कानमुळे मला सारखा 'द गॉडफादर' आठवत होता, आणि दिग्दर्शकालाही तो आपल्याला आठवावा असेच वाटत असणार. तो १९७२ चा चित्रपटही लग्नापासून सुरू होतो. अंगणात मुलीच्या लग्नाचे वाजतगाजत आहे आणि आत अंधाऱ्या खोलीत प्रेतांची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असणारा बोनासेरा डॉनकडे एक उपकार मागतो आहे. डॉन तो करतो आणि सांगून ठेवतो की कधीतरी मी तुझ्याकडे काही मागेन. पुढे ती मागणी येते. डॉनच्या थोरल्या मुलाची, सॉनीची, गोळ्यांनी चाळण झालेली आहे, आणि त्याच्या आईला पाहवेल असे त्याचे प्रेत करून दे, एवढेच डॉन मागतो. तो सॉनी म्हणजेच जेम्स कान. पहिल्या प्रसंगात घेतलेला उपकार ज्याच्या प्रेतावर फिटला, तोच नट सत्तावीस वर्षांनी जावयाला उपकारात अडकवणारा सासरा होऊन येतो. केवढी जागा होती इथे! पण 'मिकी ब्लू आईज'ला त्या चित्रपटातून फक्त चेहरा आणि सूट हवा होता. कान २०२२ मध्ये गेला. या कामातही त्याने जीव ओतला आहे, हे नोंदवले पाहिजे. मुलीकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत क्षणभर जी शरम येते, ती पटकथेत लिहिलेली नसावी.

आता त्या गाजलेल्या प्रसंगाविषयी. फ्रँक गाडीत बसून मायकेलला टोळीवाल्यांसारखे बोलायला शिकवतो. 'फगेडाबाउडिट' हा शब्द बिचाऱ्या इंग्रजाच्या जिभेवर काही केल्या बसत नाही. तळघरात सर्वांत मोठा हशा इथेच पिकला, आणि सर्वांत जोरात हसत होतो आम्ही बाहेरून आलेले लोक. विद्यार्थी म्हणून आलो त्या पहिल्या आठवड्यात उपाहारगृहात मी तीनदा 'वॉटर' मागितले आणि तीनदा काउंटरवरच्या बाईंनी "सॉरी?" केले. चौथ्यांदा 'वॉडर' म्हटले आणि पेला आला. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांत माझी अजून गल्लत होते, आणि ती पकडणे हा माझ्या मुलीचा आवडता खेळ आहे. तेव्हा जिभेची ही कसरत आम्हाला आतून कळते. प्रसंग मनापासून आवडला.

पण हा प्रसंग संपल्यावर लक्षात येते की चित्रपटाच्या दृष्टीने माफिया म्हणजे एक उच्चारपद्धती आहे. उच्चार जमला की तुम्ही गुंड, नाही जमला की तुम्ही इंग्रज. इटालियन अमेरिकनांना या चित्रणाचा कंटाळा किती जुना आहे! 'गॉडफादर'ची तयारी चालू असताना इटालियन अमेरिकन नागरी हक्कांच्या एका संघटनेने दबाव आणून 'माफिया' हा शब्दच संवादांतून काढायला लावला होता. गंमत, किंवा गंमतीची दुसरी बाजू, अशी की त्या संघटनेचा संस्थापक जोसेफ कोलंबो हा स्वतःच न्यूयॉर्कच्या पाच टोळ्यांपैकी एकीचा प्रमुख होता, आणि १९७१ मध्ये त्याच संघटनेच्या मेळाव्यात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. समाजाची बदनामी होते म्हणून आवाज उठवणारा, आणि ती ज्यांच्यामुळे होते त्यांतला एक. एवढी गुंतागुंत एका माणसात होती. व्हीटोमध्ये त्याचा शतांशही नाही.

कदाचित काळाचाही दोष असेल. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या टोळीप्रमुखांना एकाच खटल्यात शिक्षेला पात्र ठरवले गेले. शहरातल्या काँक्रीटच्या ठेक्यांतून ते किती पैसा उकळत होते ते त्या खटल्यात बाहेर आले. १९९२ मध्ये जॉन गॉटी दोषी ठरला आणि जन्मभरासाठी आत गेला. १९९९ उजाडेपर्यंत मॅनहॅटनच्या प्रेक्षकाला माफिया म्हणजे दात काढलेला वाघ वाटू लागला असावा. दात काढलेल्या वाघाबरोबर फोटो काढतात. त्याच वर्षी 'अ‍ॅनालाइझ धिस' आला, त्यातही हाच फोटो आहे, पण रॉबर्ट डी नीरोच्या त्या रडक्या डॉनला बापाच्या मृत्यूचे खरे दुःख आहे, म्हणून त्याचे रडणे पाहून हसताना आपण थोडे ओशाळतो. आणि त्याच १९९९ मध्ये 'द सोप्रानोज' ही मालिका सुरू झाली. तिच्यात खूप विनोद आहे, आणि भीती एका भागापुरतीही सुटत नाही. इथे जॉनीचे काम करणारा जॉन व्हेन्टिमिलिया तिथे आर्टी बुको या हॉटेलवाल्याच्या भूमिकेत आहे. टोळीप्रमुखाचा बालमित्र असणे किती महाग पडते, हे त्याच्या पडलेल्या खांद्यांवरून कळते.

आमच्याकडे, म्हणजे मुंबईत, १९९९ हे वर्ष वेगळ्या कारणाने लक्षात राहिले आहे. महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, ज्याला सगळे मोक्का म्हणतात, तो त्याच वर्षीचा. त्याच्या दोन वर्षे आधी, ऑगस्ट १९९७ मध्ये, गुलशन कुमार यांना अंधेरीत देवळाबाहेर भरदिवसा मारले होते. जानेवारी २००० मध्ये राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, मुलाचा पहिला चित्रपट तुफान चालल्यानंतर काही दिवसांतच. आमच्या वाघाचे दात तेव्हा शाबूत होते.

हे मी लिहितो आहे ते मामींमुळे. तळघरात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी कळते. खालच्या ओळीही मोठ्या अक्षरांत होत्या. सासरे-जावई प्रेत पुरायला निघतात तिथे सगळे हसत असताना त्या उठल्या आणि वर गेल्या. मला वाटले, थंडी वाजली असेल. थोड्या वेळाने शाल घेऊन गेलो तर त्या ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालत होत्या. "तुम्ही बघा, मला पुरे झालं," एवढेच म्हणाल्या.

माझ्या मामांचा गिरगावात छोटा छापखाना होता. एक ट्रेडल, एक जुने ऑफसेट, दोन कामगार, आणि नंबर मारायला, पुस्तके बांधायला मामी. १९९५ च्या सुमारास एका बड्या गिऱ्हाइकाने मामांचे चाळीस हजार रुपये बुडवले. दीड वर्ष मामा त्याचे उंबरे झिजवत होते. गल्लीतल्या एका भाऊंच्या कानावर कोणीतरी ते घातले. मामांनी सांगितले नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. एका दुपारी ते गिऱ्हाईक स्वतः नोटांचे पाकीट घेऊन आले आणि मामांच्या पाया पडायचेच बाकी राहिले. संध्याकाळी भाऊंचा माणूस पेढे घेऊन आला. मामींनी पेढ्यांचा पुडा घरात घेतला नाही, दारातच कामगारांना वाटून टाकला. मामा त्यांच्यावर चिडले. "आपलेच पैसे आहेत, चोरीचे नाहीत," म्हणाले. खरेच होते ते.

मग भाऊंच्या मंडळाचा अहवाल फुकट छापून झाला. मग भाचीच्या लग्नाच्या पत्रिका. मग एकदा वर्गणीची पावतीपुस्तके आली. ती छापून गेल्यावर आठ दिवसांनी पुन्हा तेवढीच पुस्तके मागवली, आणि त्यांवर नंबर तेच हवे होते. शंभर ते बाराशे, दोनदा. छपाईतले ज्यांना कळते त्यांना याहून अधिक सांगायला नको; एक पुस्तक हिशेबाला, दुसरे खिशाला. मामींनी नंबरिंगच्या मशीनला हात लावला नाही. मामांनी रात्री एकट्याने बसून ते नंबर मारले. मी अकरावीत होतो, सुट्टीला तिथेच राहायला होतो. माळ्यावर झोपलो असताना त्या मशीनचा खट् खट् आवाज पहाटेपर्यंत ऐकला.

पुढच्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला भाऊ स्वतः आले. बोलावले होते की नव्हते, देव जाणे. चार माणसे बरोबर, हातात जाड पाकीट. सरबताचा ट्रे माझ्या हातात होता. मुलाचे वडील पोस्टात होते. त्यांनी पेला घेतला, भाऊंकडे पाहिले, मामांकडे पाहिले आणि पेला तसाच परत ठेवला. पंधरा दिवसांनी निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, मंगळाचा दोष निघाला. बहिणीचे पुढे चांगले झाले, ती सुखात आहे. मामा मात्र त्यानंतर मशीनवर बसले की कोणाशी बोलत नसत. तीन वर्षांनी त्यांनी छापखाना विकला.

आता मला सांगा, मायकेल फेलगेटची गोष्ट याहून वेगळी काय आहे? न मागितलेला उपकार, हळूहळू मोठी होत गेलेली परतफेड, खोट्या कागदाने काळ्याचे पांढरे, आणि लग्नाच्या मांडवात नको तो पाहुणा. पहिल्या दिवशीच सगळे ओळखणारी एक बाई, जिचे कोणी ऐकत नाही. पटकथाकारांना हे सगळे सापडले होते! लिलावाचा धंदा तर त्यांनी फार अक्कलहुशारीने निवडला आहे. चित्राची किंमत बोली लावणारा ठरवील ती. बोली लावणारा आणि विकणारा आतून एकच असला की पन्नास रुपयांच्या फडक्याचे पन्नास हजार कागदोपत्री कायदेशीर होतात. आणि मायकेलचे सगळे भांडवल काय, तर त्याच्या शब्दावर लोकांचा असलेला विश्वास. तो पहिल्यांदा हातोडा आपटतो तेव्हा ते भांडवल कायमचे जाते. हा क्षण विनोदी करता येतो, भयंकरही करता येतो. चित्रपट त्यावरून घाईघाईने पुढे सरकतो, कारण चित्र कसे कुरूप आहे हा विनोद त्याला अधिक सोपा वाटतो. मामांचे ते मशीन मी एवढ्या वर्षांनी विसरलो नाही. मायकेलने तो हातोडा घरी जाताना विसरून टाकला.

विषयच असा आहे की त्यावर हसू नये, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. बिली वाइल्डरचा 'सम लाइक इट हॉट' (१९५९) घ्या. शिकागोत १९२९ च्या फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या दिवशी एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून मारले होते. तसाच प्रसंग चित्रपटात दोन वादकांच्या नजरेस पडतो आणि जीव वाचवायला ते बायकांचा वेश घेतात. पुढचे दोन तास आपण गडबडा लोळतो, पण ते गॅरेज आठवणीत असते म्हणून. आपल्या 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८, मूळ हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान') पुण्यातल्या पोरांनी लुगडी नेसली ती जागेसाठी. ज्याने भाड्याची जागा शोधली आहे त्याला ती भीती जिवाच्या भीतीहून कमी वाटत नाही! कारण खरे हवे, मग वेश कितीही खोटा असो.

जॉनथन डेमीचा 'मॅरीड टू द मॉब' (१९८८) तर जीनाच्याच जागेवरून सांगितलेला चित्रपट आहे. टोळीवाल्याची बायको अँजेला, म्हणजे मिशेल फायफर, नवरा मेल्यावर घरातल्या सगळ्या वस्तू देऊन टाकते आणि मुलाला घेऊन गरीब वस्तीत खोली घेते, कारण घरातली एकही गोष्ट सरळ मार्गाने आलेली नाही हे तिला रोज दिसत होते. चित्रपट रंगीबेरंगी आहे, वेडाबागडा आहे, डीन स्टॉकवेलचा डॉन हसवून मारतो. पण रिकाम्या खोलीतल्या त्या बाईचा सुटकेचा श्वास आपल्याला ऐकू येतो. जॉन हस्टनच्या 'प्रिझीज ऑनर'मध्ये (१९८५) नवरा-बायको दोघेही भाडोत्री मारेकरी आहेत, आणि शेवटी घराण्याचा हुकूम म्हणून एकमेकांवर उठतात. त्या शेवटाला हसावे की नाही ते मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

आणि आपला 'सत्या' (१९९८). तो विनोदी नाही, पण भिकू म्हात्रे आणि त्याची बायको प्यारी यांच्या भांडणांइतके खरे आणि हसवणारे संसारचित्र मी मुंबईवरच्या फार थोड्या चित्रपटांत पाहिले आहे. विद्याला सत्या कोण आहे हे ठाऊक नसते. कळते तेव्हा ती दार उघडत नाही. 'मिकी ब्लू आईज'मध्ये जीनाने सुरुवातीला जो नकार दिला, तो विद्या शेवटी देते, आणि रामगोपाल वर्मा त्या बंद दारासमोरून कॅमेरा हलू देत नाहीत.

तळघरात एका वहिनींनी मला बरोबर पकडले. "मग तुम्हाला 'मुन्नाभाई' कसा आवडतो हो? तोही खंडणीबहाद्दरच की!" मी गडबडलो. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) मी सहा वेळा पाहिला आहे, आणि मुन्ना लोकांना उचलून आणून पैसे उकळतो याचे मला सहाही वेळा काही वाटले नाही. कबूल करतो, वहिनींचा मुद्दा मला पुरता खोडता आलेला नाही. एवढेच म्हणेन की तिथे एक भीती शेवटपर्यंत खरी आहे: बापाला कळले तर? सुनील दत्त पुतळ्यासारखे उभे राहतात आणि मुलाचे खोटे उघडे पडते, तेव्हा हसू जागच्या जागी थिजते. तरीही, गल्लीतल्या ज्यांनी मुन्नाला पैसे मोजले त्यांच्या बायकांना तो चित्रपट कसा वाटला असता, हे मी आजवर मनाशी विचारले नव्हते.

'मिकी'च्या शेवटाकडे येतो. व्हीटो मुलाच्या मृत्यूचा बदला म्हणून सासऱ्यालाच हुकूम देतो की जावयाला लग्नात मार. काय प्रसंग आहे! बापाने मुलीच्या लग्नात मुलीच्याच नवऱ्यावर पिस्तूल धरायचे. इथे तरी स्प्रिंग दाबली जाईल असे वाटून मी खुर्चीत सरसावून बसलो. पण एफबीआयच्या मदतीने खोट्या गोळ्या, खोटे रक्त, मग बेत फसल्याचा देखावा, मग तोही देखावाच. सगळे कपडे झटकून उभे राहतात. तीन वेळा फसवल्यावर प्रेक्षक चौथ्यांदा घाबरत नाही, आणि सुटका झाली म्हणून हसतही नाही. तो जाकीट शोधू लागतो. आमच्याकडे दोघे जण खरोखरच शोधू लागले होते.

मला खटकले ते आणखी एक. इतके होऊनही बापलेकीत एकही सरळ बोलणे होत नाही. माझ्याच नवऱ्याला का ओढलेत, असे जीनाने फ्रँकला एकदा विचारायला हवे होते. कान आणि ट्रिपलहॉर्न यांना समोरासमोर बसवून पाच मिनिटे दिली असती, भले त्यात एकही विनोद नसता, तर बाकीचा दीड तास तरला असता. व्हीटोची सद्दी संपते, जोडपे सुखी होते, आणि फ्रँकने एवढी वर्षे काय केले याचा हिशेब कोणीच मागत नाही. पावतीपुस्तकाची दुसरी प्रत कोणी उघडून पाहत नाही.

ज्यांना तरी पाहायचाच आहे त्यांनी चिनी हॉटेलातली मागणी आणि गाडीतला उच्चाराचा धडा एवढे जरूर पाहावे. ह्यू ग्रँटचे चाहते (आमच्या घरात एक आहेत, त्यांनी हा लेख वाचून "फार लावून घेतलंस" असा शेरा मारला आहे) यांना बाकीचेही गोड लागेल.

पुढच्या चित्रकट्ट्याला 'मॅरीड टू द मॉब' लावणार आहोत. निवड माझी नाही, सौ.ची आहे, तेव्हा तक्रारी तिकडे. मामी तोवर इथेच आहेत. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "त्यातली ती बाई घर सोडते म्हणतोस? मग येईन. पण खिचडी नको, भाजणीचे वडे करू."